उपाशी कोंबड्यांचा सेनापती

शकुनाच्या कोंबड्यांना आदल्या दिवशी पोटभर खायला घालणं पाप आहे, आणि त्यांना उपाशी ठेवणं हेही पापच आहे. ही दोन्ही पापं योग्य वेळी, योग्य माणसासाठी आणि कुणाच्या डोळ्यावर न येता करणं याला नोकरी म्हणतात. पान्साने ती सतरा वर्षं इमानेइतबारे केली.

त्याआधी तो साधा शिपाई होता. एका हिवाळ्यात डॅन्यूब नदी गोठली, पलीकडचे घोडेस्वार बर्फावरून अलीकडे आले, आणि त्यांना परत पाठवण्याच्या गडबडीत पान्साच्या डाव्या पायाची तीन बोटं हिवाने झडली. लंगड्या शिपायाला पलटणीबरोबर चालता येत नाही, पण कोंबड्या तर गाडीतूनच जातात. म्हणून पलटणीने त्याच्या हाती सहा कोंबड्यांचा पिंजरा दिला आणि आपण एका माणसाची सोय लावली या समाधानात त्याला विसरून गेली.

काम सोपं होतं. नदी ओलांडायची असो, शपथ घ्यायची असो की लढाई द्यायची असो, पहाटे सेनापती अंगवस्त्राचा पदर डोक्यावर ओढून पिंजऱ्याकडे पाठ करून बसायचा. मागे सगळे नायक उभे. सेनापती विचारायचा, "शांतता आहे का?" पान्सा म्हणायचा, "आहे." मग तो पिंजऱ्याचं दार उघडून सातूच्या लगद्याचे गोळे टाकायचा. "खाताहेत का?" कोंबड्या खात असल्या तर देवांची परवानगी आहे. अधाशासारख्या खाऊन चोचीतून तुकडे सांडत असल्या तर देवांना घाई आहे. आणि तोंड फिरवून बसल्या तर पलटणही बसली. सेनापतीने स्वतः वळून पाहायचं नाही, नायकांनी मान लांब करायची नाही. कोंबडीवाला जे बोलला तोच शकून. खोटं बोलला तरी शकून खराच धरायचा, फक्त देवांचा कोप कोंबडीवाल्याच्या डोक्यावर. म्हणूनच लढाईच्या दिवशी त्याला पहिल्या रांगेत उभं करायची चाल होती, म्हणजे देवांना शोधत बसायला नको. जुन्या लोकांनी सगळ्यांचा विचार करून ठेवला होता, एक कोंबडीवाला सोडून.

कोंबड्यांचं म्हणाल तर त्यांच्यात एकच शहाणी होती. राखी रंगाची, रुंद बुडाची, आत्याबाई नावाची. तिने खाल्लं की बाकीच्या पाच खायच्या. पान्साला देवांची मर्जी सांभाळायची नव्हती, आत्याबाईचं पोट सांभाळायचं होतं.

त्या वर्षी पान्साची पंचवीस वर्षं भरत होती. पंचवीस वर्षं भरली की सुटका, आणि सुटका झाली की लग्न. शिपायाला नोकरीत असताना बायको करता येत नाही, असा कायदा. छावणीबाहेरच्या बाजारात झियाचं पाव-कालवणाचं दुकान होतं, तिथे पान्साने एकोणीस वर्षं जेवण केलं, छप्पर शाकारलं, झियाच्या आईचं प्रेत उचललं. पण कायद्याच्या लेखी तो गिऱ्हाईक होता. उद्या पान्सा मेला असता तर त्याचं अंथरुणसुद्धा झियाला मिळालं नसतं. सुटकेची मेणाची पाटी हातात पडली की दुसऱ्या दिवशी लग्न, असं ठरलं होतं. झियाने केशरी ओढणी रंगवून संदुकीत ठेवली होती, आणि ती दर उन्हाळ्यात बाहेर काढून उन्हाला दाखवायची. या दोघांना जगात बाकी काही नको होतं.

आता सेनापतीकडे वळू. ऑलस टर्पिलियस हा मोठ्या घराण्यातला, देखणा, मंद आवाजाचा माणूस. शिपाई त्याला पाठीमागे "उद्या" म्हणत. वीस वर्षांत त्याच्या हातून एकही चूक झाली नव्हती, कारण एकही गोष्ट झाली नव्हती. त्याच्याबरोबरचे हुशार लोक कुठल्या ना कुठल्या सम्राटाला चढवायला किंवा उतरवायला गेले आणि मेले. हा चढत गेला. रिकामी झालेली जागा कुणीतरी भरावी लागते.

जानेवारीत रोमहून स्वार आला. म्हाताऱ्या सम्राटाला भर चौकात कापलं, नवा सम्राट गादीवर बसलाय, त्याच्या नावाने शपथ घ्या. त्याच आठवड्यात ऱ्हाइनकडून दुसरा स्वार आला, की खरा सम्राट आमच्याकडे आहे. टर्पिलियसने दोघांनाही उत्तम दारू पाजली आणि संध्याकाळी हात मागे बांधून फिरत फिरत कोंबड्यांच्या पिंजऱ्यापाशी आला.

"फार बारीक झाल्यात रे तुझ्या कोंबड्या," तो म्हणाला.

"थंडी आहे साहेब."

"थंडीत खाल्लं पाहिजे."

"खातील साहेब."

पान्साने त्यांना भिजवलेले गहू घातले, वर डुकराच्या चरबीचे तुकडे. पहाटे आत्याबाई पंख फुगवून बसली ती उठेचना. "खाताहेत का?" "नाही." टर्पिलियसने मोठा सुस्कारा सोडला. दोन्ही स्वारांना निरोप मिळाला, की सेनापतींचं मन तुमच्याच बाजूला आहे पण देव अडवताहेत.

एप्रिलपर्यंत त्या दोघांतल्या एकाने स्वतःच्या छातीत खंजीर खुपसून घेतला आणि ऱ्हाइनवाला रोममध्ये जेवायला बसला. चुकीच्या बाजूला गेलेल्या तीन सेनापतींची डोकी गेली. टर्पिलियसचं होतं तिथेच राहिलं. तेव्हापासून लोक म्हणू लागले, काय दूरदृष्टी आहे या माणसाला. आणि तो रोज संध्याकाळी पिंजऱ्याकडे फिरायला येऊ लागला. "बारीक झाल्यात" म्हटलं की खायला घालायचं, "सुस्त झाल्यात" म्हटलं की उपाशी ठेवायचं. हुकूम असा त्याने कधी दिला नाही. पान्साचं म्हणणं, की पंचवीस वर्षांत इतका सभ्य वरिष्ठ त्याने पाहिला नाही.

पण या सभ्यपणात पान्साची पाटी अडकली. सुटकेच्या पाटीवर सम्राटाचं नाव लागतं, आणि सेनापतीच्या अंगठीचा ठसा. जानेवारीत कारकुनाने म्हाताऱ्याचं नाव कोरलं, तर तो मेला. मेण खरवडून दुसऱ्याचं घातलं, तर त्याने खंजीर खुपसला. तिसऱ्याचं घालायला कारकून तयार होता, पण टर्पिलियस म्हणाला, शपथ घेतल्याशिवाय नाव कसं घालणार? आणि शपथ घ्यायची तर कोंबड्यांनी खाल्लं पाहिजे. आणि कोंबड्यांनी खायचं तर ते पान्साच्या हातात होतं. म्हणजे पान्सा आपल्याच हाताने रोज भिजवलेले गहू घालून आपलंच लग्न पुढे ढकलत होता. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण पंचवीस वर्षांची सवय, वरिष्ठाने म्हटलं की हात आपोआप पोत्याकडे जायचा.

जुलैत पूर्वेकडच्या फौजांनी चौथा सम्राट केला.

स्वार आला, खलिता आला. पूर्वेकडच्याने लिहिलं होतं, की डॅन्यूबच्या पलटणी आल्प्स ओलांडून उतरल्या तर रोम आपलं आहे. पाठोपाठ तिसऱ्याचा स्वार आला, त्याने लिहिलं होतं, की हलू नका, बक्षीस देऊ. नायकांत कुजबुज सुरू झाली. टर्पिलियस संध्याकाळी पिंजऱ्यापाशी आला. त्याच्या गालावर दोन दिवसांची दाढी होती, जी वीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती.

"फार बारीक झाल्यात रे," तो म्हणाला. "परवा सकाळी शकून घ्यायचाय."

पान्सा जेवायला झियाकडे गेला. तिने मसुराचं कालवण आणि पाव पुढे ठेवला आणि समोर बसली.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"काय किती दिवस?"

"हेच. तू त्यांना खाऊ घालतोस, त्या खात नाहीत, तो बसतो, आणि मी ओढणी उन्हात घालते. त्या ओढणीचा रंग गेला पान्सा. आता ती कावीळ झाल्यासारखी दिसते."

"मी काय करू? साहेब म्हणतात..."

"साहेब काय म्हणतात? बारीक झाल्यात म्हणतात. खायला घाल असं म्हणाले का कधी?"

पान्साने आठवून पाहिलं. खरंच नव्हते म्हणाले.

"मग," झिया पाव मोडत म्हणाली, "बारीक कोंबडीला बघून मला तर वाटतं, बरी आहे, अजून थोडी होऊ दे. माणसामाणसाचं बघणं वेगळं."

त्या रात्री आणि पुढचा अख्खा दिवस त्याने पिंजऱ्यात दाणा टाकला नाही. आत्याबाईने आधी ओरडून, मग त्याच्या अंगठ्याला चोच मारून, मग नुसतं बघून निषेध केला. ते बघणं त्याला सहन होईना, तेव्हा त्याने पिंजऱ्यावर पोतं टाकलं. तो भ्याला होता, आणि या भीतीत त्याला तरुण झाल्यासारखंही वाटत होतं.

पहाटे टर्पिलियस पदर ओढून निवांत बसला. उत्तर त्याला पाठ होतं.

"शांतता आहे का?"

"आहे."

पान्साने दार उघडलं. आत्याबाई बाहेर आली ती धावतच, गोळ्यावर तुटून पडली, मागून पाचही जणी. लगद्याचे तुकडे चारी बाजूंना उडाले.

"खाताहेत का?"

"खाताहेत," पान्सा म्हणाला. आवाज चिरकला म्हणून त्याने पुन्हा सांगितलं, "खाताहेत साहेब. तुकडे सांडताहेत. सगळीकडे सांडताहेत."

टर्पिलियसची पाठ काही वेळ हललीच नाही. मागे नायकांनी ढालींवर तलवारी आपटायला सुरुवात केली. आता हा माणूस उठून म्हणणार काय, की हा लंगडा खोटं बोलतोय? रोज याच लंगड्याच्या शब्दावर तो बसून राहिला होता. तो सावकाश उठला, पदर मागे सारला आणि शांतपणे म्हणाला, "देवांची इच्छा. चाल माहीत आहे ना सगळ्यांना? कोंबडीवाला पहिल्या रांगेत."

आल्प्सचे घाट उतरून पलटण पो नदीच्या मैदानात आली. पान्सा पहिल्या रांगेत, लंगडत, ढालीच्या जागी पिंजरा, शेजारचे शिपाई दर मैलाला विचारत होते, "आत्याबाई काय म्हणतात?" समोर तिसऱ्या सम्राटाची फौज होती, यांच्या दुप्पट. ती त्या दिवशी बाहेर पडली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ती दोन दिवस तळ सोडून हललीच नाही. तेवढ्यात मागून आणखी तीन पलटणी येऊन मिळाल्या, आणि तिसऱ्या दिवशी समोरच्यांची दाणादाण उडाली.

दोन दिवस ते का हलले नाहीत, हे कैद्यांकडून कळलं. त्यांच्या कोंबड्यांनी खाल्लं नव्हतं.

चाळीस हजार माणसांत याचा अर्थ एकट्या पान्साला कळला. तिकडेही कुणीतरी होता, ज्याच्या हातात भिजवलेल्या गव्हाचं पोतं होतं आणि डोक्यावर कुठलातरी सभ्य वरिष्ठ. पान्साला त्या माणसाला भेटायचं होतं. पण चाल दोन्हीकडे एकच, आणि त्याची पहिली रांग पान्साच्या रांगेसारखी नशीबवान निघाली नाही. पान्साने त्याला ओळखलं ते हातातल्या पिंजऱ्यावरून. पिंजरा उघडा होता, आणि कोंबड्या शेजारच्या शेतात दाणे टिपत होत्या. पान्साला रडू आलं, आणि कुणासाठी रडतोय ते त्याला सांगता आलं नसतं.

चौथा सम्राट गादीवर बसला आणि टिकला. टर्पिलियस वीर ठरला. चौघांच्या भांडणात सगळ्यांच्या आधी आल्प्स ओलांडणारा, देवांचं बोट धरून चालणारा निर्भय सेनापती, असं रोममध्ये त्याचं नाव गाजलं. त्यालाही ते पटत गेलं. डॅन्यूबवर परतल्यावर तो कोंबड्यांना विचारल्याशिवाय आंघोळीलाही जाईना, निदान चार लोक बघत असताना तरी. मग रोमहून पत्र आलं: पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून कॉन्सुलचं, म्हणजे सम्राटाखालचं सर्वांत मोठं पद, हजर व्हावं.

निघण्याआधी त्याने त्या वर्षीच्या म्हाताऱ्या शिपायांना सोडायचं ठरवलं. मैदानात नावं वाचली गेली, पाट्या वाटल्या गेल्या. झिया कुंपणाबाहेर उभी होती. पान्साचं नाव आलं नाही. शेवटी टर्पिलियसने त्याला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातात द्राक्षवेलीची काठी दिली. ही काठी म्हणजे मोठा मान. मुदत संपल्यावरही सेनापतीला जो हवाच असतो त्याला ती मिळते, आणि ती नाकारण्याची पद्धत नाही. शिपायांनी टाळ्या वाजवल्या.

पान्सा थेट तंबूत गेला. पंचवीस वर्षांत न विचारता आत गेल्याची ही पहिलीच वेळ.

"साहेब, मला एक पाप कबूल करायचंय. त्या सकाळच्या कोंबड्या दोन दिवस उपाशी होत्या. मीच ठेवल्या होत्या. असा माणूस पदरी ठेवू नका."

टर्पिलियस अंजीर सोलत होता. "मला माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे?"

"अरे, माझ्या मागे कोंबड्या लगदा ओरबाडताहेत हे मला ऐकू येत नव्हतं का? तू जरी तेव्हा 'नाही' म्हणाला असतास तरी मला ऐकू आलंच असतं."

"मग तुम्ही थांबवलं का नाही?"

टर्पिलियसने अंजिराची फोड तोंडात टाकली. "थांबायचा मलाच कंटाळा आला होता. पण निघायचा निर्णय माझा झाला असता आणि फसला असता, तर डोकं माझं गेलं असतं. तू म्हणालास खाताहेत, मी ऐकलं. फसलं असतं तर कोप तुझ्यावर. असा माणूस मी सोडीन? तुझ्यावाचून माझं पान हलत नाही पान्सा. परवा निघायचं. कोंबड्या जरा सुस्त झाल्यात, तेवढं बघ."

पान्सा काठी टेकत झियाकडे आला. दुकान झाडून स्वच्छ केलं होतं, शेजारच्या बायका ओढणी घेऊन बसल्या होत्या. झियाने काठी पाहिली आणि बायकांना घरी पाठवलं. तिने आरडाओरडा केला नाही. ती बाकावर बसली.

"तो निघणार म्हणजे आधी कोंबड्यांना विचारणार?"

"विचारावंच लागेल. आता तर सगळं रोम बघतंय."

"मग माझ्याकडचे गहू ने," झिया म्हणाली. "भिजवलेलेच आहेत."

पहिल्या पहाटे आत्याबाईने खाल्लं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या पहाटेही नाही. टर्पिलियसने संध्याकाळी येऊन "सुस्त झाल्यात" म्हटलं, पुढे "फार सुस्त झाल्यात" म्हटलं. सामान गाड्यांत बांधलेलं, घोडे खोगीर चढवून उभे, नायक माना हलवताहेत, की देवांना काहीतरी खटकतंय. स्वतःच्या कानाने ऐकायला आता टर्पिलियसकडे काहीच नव्हतं. मागे खरोखरच शांतता होती. आणि देवांचं बोट धरून चालणाऱ्या माणसाला ते सोडून कसं चालता येईल? घाटात बर्फ पडू लागलं. पहिली तारीख जवळ आली.

नवव्या संध्याकाळी तो पिंजऱ्यापाशी आला. आत्याबाई इतकी लठ्ठ झाली होती की तिला दारातून बाहेर काढायला तिरकी करावी लागत होती.

"पान्सा, ह्यांना झालंय काय?"

"वय झालं साहेब. पंचवीस वर्षं झाली की भूक मरते."

"कोंबडी पंचवीस वर्षं जगत नाही."

"शिपाईही सहसा जगत नाही साहेब."

टर्पिलियसने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. मग नदीकडे पाहिलं, मग बोटातल्या अंगठीकडे. "पाटी कुठाय तुझी?"

"कारकुनाकडे. नाव घालून तयार आहे. फक्त ठसा राहिलाय."

"ठसा झाला, तर उद्या सकाळी?"

"उद्या सकाळी भूक लागेल असं वाटतं. पण दोन दिवस लागले तर रागवू नका, पोट फार भरलंय."

दोन दिवस लागले. तिसऱ्या पहाटे आत्याबाईने तुकडे सांडले आणि निर्भय सेनापती घाटाकडे निघाला. गाडीत पिंजरा होता, पिंजऱ्याशेजारी नवा कोंबडीवाला, आणि त्याच्या हातात वेलीची काठी. पान्साने त्याला काहीच शिकवलं नाही. एवढंच सांगितलं, की साहेब सभ्य आहेत, त्यांच्या बोलण्याकडे लक्ष दे.

पाटी झियाने चुलीवरच्या भिंतीला टांगली. मेणावर चौथ्याचं नाव आहे, पण उजेडात तिरकं धरलं तर खाली आधीच्या दोघांचीही अक्षरं दिसतात. लग्न पाच दिवसांनी झालं. लग्नाआधीही शकून पाहायची पद्धत आहे, तेव्हा शेजाऱ्यांनी कुठूनशी एक कोंबडी आणली आणि पान्सालाच पुढे केलं, की तुझ्यासारखा जाणकार दुसरा कोण. झिया फिकट ओढणी घेऊन पाठमोरी बसली.

"खातेय का?" तिने विचारलं.

कोंबडी बाहेर आली ती धावतच, आणि लगद्याचे तुकडे पान्साच्या पायावर उडाले. कोंबडी तीन दिवस झियाच्या परसात पोत्याखाली होती, हे त्याला माहीत होतं. त्याने विचारलं नाही.

"खातेय," तो म्हणाला.